बावीस अक्षरे, अठरा वर्षे : रेग्युलसची वाटचाल

सप्टेंबर 2007 मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील कार्ल्सबाड येथे रेग्युलस थेराप्युटिक्स ही संस्था स्थापन झाली. तिची पालक घराणी दोन. एक आयसिस फार्मास्युटिकल्स, 1989 पासून कार्ल्सबाडमध्येच पाय रोवून असलेली आणि आज आयोनिस या नावाने ओळखली जाणारी. दुसरी अल्नायलम, मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे 2002 मध्ये सुरू झालेली. दोघींचे काम आरएनएला लक्ष्य करणारी औषधे घडवण्याचे, पण पद्धती निरनिराळ्या. मायक्रोआरएनए या अगदी नव्या प्रांतात मात्र प्रत्येकीने वेगळी चूल मांडण्यापेक्षा पेटंटे, रसायनशास्त्र आणि माणसे एका छताखाली आणावीत, असा शहाणा निर्णय त्यांनी घेतला.

रेग्युलस हे सिंह राशीतील सर्वांत तेजस्वी ताऱ्याचेही नाव आहे. आपल्या पंचांगात तो मघा नक्षत्राचा योगतारा. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ छोटा राजा. जनुकांच्या कारभारावर हुकमत चालवणाऱ्या इवल्या रेणूंसाठी उभ्या राहिलेल्या संस्थेला हे नाव शोभून दिसले.

हे रेणू तोवर जेमतेम चौदा वर्षांचे होते. म्हणजे माणसाला त्यांची ओळख होऊन तेवढाच काळ लोटला होता. 1993 मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्कुन यांनी जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीत एक चमत्कारिक जनुक वाचले. त्यापासून प्रथिन बनत नव्हते, बनत होती केवळ बावीस अक्षरांची आरएनएची साखळी. ही साखळी दुसऱ्या जनुकाच्या संदेशवाहक आरएनएला जाऊन चिकटे आणि त्या संदेशावरून प्रथिन घडू देत नसे. पुढची सात वर्षे ही कृमीची खासगी लहर समजली गेली. 2000 मध्ये रव्कुन यांच्याच प्रयोगशाळेला दुसरा असा रेणू सापडला आणि तो माणसासह असंख्य प्राण्यांत आहे, हे उघड झाले. 2001 मध्ये तीन प्रयोगशाळांनी एकाच वेळी अशा रेणूंची रांगच जगापुढे मांडली आणि मायक्रोआरएनए हे नाव रूढ झाले.

संस्थेचे बीज पडले ते यांतील एका रेणूमुळे. त्याचा क्रमांक 122. जर्मनीत ग्योटिंगेन येथे थॉमस तुश्ल यांच्या गटाने 2002 मध्ये उंदराच्या अवयवांतील मायक्रोआरएनए मोजले, तेव्हा यकृतात याच एका रेणूची बहुसंख्या आढळली. इतर अवयवांत तो जवळपास नाहीच. 2005 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील पीटर सार्नो आणि कॅथरीन जॉपलिंग यांनी त्याहून नवलाची गोष्ट दाखवली. हिपॅटायटिस सी चा विषाणू या रेणूला आपल्या आरएनएच्या सुरुवातीच्या टोकाशी बांधून घेतो आणि त्याच्या आश्रयाने वाढतो. रेणू काढून घेतला की विषाणूची वाढ खुंटते. त्याच वर्षी मार्कुस स्टोफेल यांच्या चमूने उंदरांना पूरक अक्षरांची साखळी टोचून हा रेणू यकृतात निकामी करून दाखवला; 2006 मध्ये आयसिसच्या शास्त्रज्ञांनी हीच गोष्ट आपल्या रसायनांनी साधली, आणि उंदरांचे कोलेस्टेरॉल उतरलेले पाहिले.

औषधाची कल्पना साधी होती. मायक्रोआरएनएच्या अक्षरांना जुळणारी उलट साखळी बनवायची, रक्तातील विकरांनी ती फाडून टाकू नये म्हणून तिच्या कण्यात रासायनिक बदल करायचे आणि ती टोचायची. ती रेणूला मिठी मारते, रेणू अडकून पडतो, त्याने दाबून ठेवलेली जनुके मोकळी होतात. जोखीमही याच साधेपणात होती. एक मायक्रोआरएनए शेकडो संदेशांवर लक्ष ठेवून असतो. तो झाकला तर हवे तेवढेच बदलेल, याची हमी कोण देणार? हा प्रश्न संस्थेने पहिल्या दिवसापासून गांभीर्याने घेतला आणि अठरा वर्षे तो तिच्यासोबत चालत राहिला.

क्लिअँथिस झँथोपुलोस यांनी संस्थेचे सुकाणू हाती घेतले. नोबेल विजेते डेव्हिड बाल्टिमोर यांनी वैज्ञानिक मार्गदर्शनाची धुरा उचलली. एप्रिल 2008 मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या बलाढ्य कंपनीशी दाहजन्य आजारांवरील पहिला करार झाला. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात जगाची अर्थव्यवस्था कोसळली, भांडवल आटले, तरी प्रयोगशाळेचे दिवे चालू राहिले. जर्मनीतील हृदयरोग संशोधकांनी क्रमांक 21 चा रेणू हृदयाच्या स्नायूत तंतूंची वाढ घडवतो हे उंदरांत दाखवले. या रेणूचे महत्त्व संस्थेने ओळखले आणि पुढील दहा वर्षे तिची दुसरी मोठी मोहीम त्याच्याभोवती फिरली. जानेवारी 2009 मध्ये संयुक्त उपक्रमाचे रूपांतर स्वतंत्र कंपनीत झाले. जून 2010 मध्ये सनोफीने 2.5 कोटी डॉलर आगाऊ मोजून तंतुमयतेच्या आजारांसाठी भागीदारी केली. मुक्काम कार्ल्सबाडहून जवळच्या सॅन डिएगोला हलला.

याच काळात मायक्रोआरएनएची दुसरी ओळख पुढे आली आणि तिच्याकडे थोडे थांबून पाहायला हवे. आरएनए हा नाजूक पदार्थ. रक्तात सोडला तर काही क्षणांत त्याचे तुकडे होतात. असे असूनही 2008 मध्ये सिअॅटलमधील मुनीश तिवारी यांच्या गटाने दाखवले की, माणसाच्या रक्तद्रवात मायक्रोआरएनए शाबूत असतात आणि प्रोस्टेटच्या कर्करोगात त्यांतील काहींचे प्रमाण वाढलेले असते. पेशी त्यांना इवल्या पिशव्यांत बंद करून किंवा प्रथिनांना बांधून बाहेर सोडतात, म्हणून ते तगतात. पुढच्याच वर्षी सिअॅटलमधल्याच दुसऱ्या गटाने उंदरांना पॅरासिटामॉलची अतिमात्रा दिली, तेव्हा यकृताच्या फुटलेल्या पेशींतून क्रमांक 122 चा रेणू रक्तात उतरलेला दिसला. यकृताखेरीज तो जवळपास कुठेच नसल्यामुळे रक्तात सापडला की कुठून आला हे विचारावे लागत नाही. ज्या रेणूला औषधाने झाकायचे, तोच रेणू रक्तात आजाराची खूण म्हणून वाचता येतो. लक्ष्य आणि खूण एकाच ठिकाणी असण्याचा असा योग वैद्यकात क्वचित येतो.

रेग्युलसने ही संधी हेरली. 2012 मध्ये बायोजेन आयडेकबरोबर मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांच्या रक्तात अशा खुणा शोधण्याचे काम तिने हाती घेतले, आणि पुढे ‘मायक्रोमार्कर्स’ नावाचा स्वतंत्र विभागच उघडला. या विभागातून घरोघरी पोचेल अशी तपासणी निघाली नाही. रक्ताचा नमुना कसा घेतला, किती वेळ ठेवला, तांबड्या पेशी फुटल्या का, एवढ्यानेही या रेणूंची मोजणी बदलते, हा धडा साऱ्याच क्षेत्राने त्या वर्षांत घेतला. पण मोजल्याशिवाय पुढे जायचे नाही ही शिस्त संस्थेच्या अंगी बाणली आणि ती पुढे कामी आली.

2012 हे वर्ष भरभराटीचे. ऑगस्टमध्ये अॅस्ट्राझेनेकाशी करार झाला आणि ऑक्टोबरमध्ये 4 डॉलर दराने शेअर काढून संस्था नॅसडॅकवर उतरली.

क्रमांक 122 च्या शर्यतीत मात्र डेन्मार्कची सँटारिस ही संस्था पुढे होती. तिच्या औषधाने 2010 मध्ये चिंपांझींमध्ये आणि 2013 मध्ये 36 रुग्णांमध्ये हिपॅटायटिस सी चा विषाणू खाली आणून दाखवला. मायक्रोआरएनए झाकून माणसाचा आजार हटू शकतो, याचा तो पहिला पुरावा, आणि त्याचे श्रेय निःसंशय डॅनिश शास्त्रज्ञांचे आहे. रेग्युलसने वेगळी युक्ती योजली. यकृताच्या पेशींवर एका विशिष्ट शर्करेला पकडणारी ग्राही प्रथिने असतात. ती शर्करा औषधाच्या साखळीला जोडली की पेशी स्वतःच औषध आत ओढून घेते, आणि थोड्या मात्रेत मोठे काम होते. आरजी-101 असे या औषधाचे नाव. 2014 मध्ये नेदरलँड्समधील 32 रुग्णांवर त्याची चाचणी झाली. 28 जणांना औषध आणि चौघांना प्लासिबो. त्वचेखाली एकच इंजेक्शन, आणि चार आठवड्यांत रक्तातील विषाणू दहा हजारपटींहून अधिक घटला. तिघा रुग्णांच्या रक्तात तर 76 आठवड्यांनंतरही तो परतला नाही. एका सुईने एवढे साध्य होणे, ही क्षेत्रासाठी मोठी बातमी होती. त्याच वर्षी रोशने सँटारिस विकत घेतली.

यशाच्या या क्षणीच काळ उलटला. डिसेंबर 2013 मध्ये हिपॅटायटिस सी वरील सोफोस्बुव्हिर या गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली होती आणि ऑक्टोबर 2014 मध्ये दुसऱ्या औषधासह तिची जोडगोळी आली. बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतांश रुग्ण पूर्ण बरे होऊ लागले. रुग्णांसाठी हे वरदानच होते. नव्या इंजेक्शनसाठी मात्र जागा अरुंद होत गेली. तरीही उपचाराचा काळ कमी करणारा साथीदार म्हणून आरजी-101 चे काम चालू ठेवण्यात आले. 2015 मध्ये झँथोपुलोस यांच्या जागी पॉल ग्रिंट आले. जून 2016 मध्ये चाचणीतील एका रुग्णाला कावीळ झाली. अशा गंभीर प्रकारची ही दुसरी घटना. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चाचण्या थांबवण्याचा आदेश दिला.

या थांब्याचे कारण शोधण्यात संस्थेने जे कष्ट घेतले, ते तिच्या वाटचालीतील मोलाचे पान आहे. यकृत पित्तरंजक बाहेर टाकते ते पेशीच्या भिंतीतील वाहक प्रथिनांच्या मार्गाने. औषध आत ओढले गेले की त्या मार्गात अडथळा येत असावा आणि आधीच दुबळ्या यकृतात तो अडथळा कावीळ म्हणून बाहेर पडत असावा, असा निष्कर्ष निघाला. जी युक्ती औषधाला यकृतात भरभरून पोचवत होती, तीच त्याला तिथे साचवतही होती. जून 2017 मध्ये आरजी-101 कायमचे थांबवण्यात आले. अॅस्ट्राझेनेकाबरोबर यकृताच्या चरबीच्या आजारावर चाललेले कामही त्याच वर्षी संपले.

सारे क्षेत्रच त्या काळात वादळातून जात होते. सप्टेंबर 2016 मध्ये टेक्सासच्या मिर्ना थेराप्युटिक्सने क्रमांक 34 च्या रेणूची नक्कल असलेले कर्करोगाचे औषध रुग्णांमधील गंभीर प्रतिकारजन्य दुष्परिणामांमुळे मागे घेतले. कोलोरॅडोत सुरू झालेली मिरॅजेन पुढे दुसऱ्या नावाने दुसऱ्याच आजारांकडे वळली. मायक्रोआरएनएचे नाव घेऊन निघालेल्या संस्था एकेक करून वाट सोडत होत्या, तेव्हा रेग्युलसने ती धरून ठेवली.

धरून ठेवण्यासाठी जमीन हवी होती. ती मिळाली डॅलसमध्ये. टेक्सास विद्यापीठाच्या साउथवेस्टर्न वैद्यकीय केंद्रात विशाल पटेल आणि त्यांचे सहकारी मूत्रपिंडाच्या एका आनुवंशिक आजाराचा अभ्यास करत होते. त्यात दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याने भरलेल्या गाठी वर्षानुवर्षे वाढत जातात, मूत्रपिंड फुगते आणि निकामी होते. आईवडिलांपैकी एकाला आजार असला तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांवर साठीपर्यंत डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची वेळ येते. मूळ दोष पीकेडी-1 किंवा पीकेडी-2 या जनुकांत असतो. पण दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली असते. दुसरी चांगली असते. पटेल यांच्या गटाने 2013 पासून दाखवत आणले की, गाठींमध्ये क्रमांक 17 च्या रेणूचे कुटुंब बळावते आणि त्यांची वाढ जोमाने चालू ठेवते. पुढे हेही स्पष्ट झाले की हा रेणू त्या चांगल्या प्रतीच्या संदेशालाच चिकटून तिला दाबतो. रेणू झाकला की चांगली प्रत पुन्हा बोलू लागते, पॉलिसिस्टिन नावाची प्रथिने वाढतात, गाठींची वाढ मंदावते. हा विचार ज्याने पहिल्यांदा ऐकला असेल त्याला त्याचे सौंदर्य जाणवल्याशिवाय राहिले नसेल. बिघडलेले जनुक दुरुस्त करायचे नाही. उरलेल्या चांगल्या जनुकाच्या तोंडावरचा हात काढायचा.

2017 मध्ये संस्थेची सूत्रे जे हेगन यांच्याकडे आली आणि डिसेंबरमध्ये आरजीएलएस-4326 हे औषध मानवी चाचणीत उतरले. अवघ्या नऊ अक्षरांची साखळी, मूत्रपिंडाकडे वळेल अशी घडवलेली. क्रमांक 21 विरुद्धचे औषध अलपोर्ट सिंड्रोम या मूत्रपिंडाच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजारासाठी आधीपासून चाचणीत होते. यकृतात सुरू झालेली संस्था आता मूत्रपिंडाची झाली होती.

जुलै 2018 हा तिच्या इतिहासातील सर्वांत कठीण महिना. उंदरांवरील दीर्घकालीन सुरक्षितता चाचणीत अनपेक्षित लक्षणे दिसली, आणि संस्थेने कोणी सांगण्याची वाट न पाहता आपणहून मानवी चाचणी थांबवली. अर्ध्याहून अधिक कर्मचाऱ्यांना निरोप द्यावा लागला. ऑक्टोबरमध्ये नॅसडॅकवर टिकण्यासाठी 12 जुन्या शेअरांचा एक करावा लागला. नोव्हेंबरमध्ये अलपोर्टवरचे औषध पूर्णपणे सनोफीकडे सोपवण्यात आले. 2022 मध्ये त्याची चाचणी गुण दिसत नसल्याने बंद झाली. ज्यांनी 2010 पासून त्या रेणूवर आयुष्याची उमेदीची वर्षे घातली, त्यांच्यासाठी ती बातमी काय असेल याची कल्पना करता येते.

उरलेल्या मोजक्या माणसांनी उंदरांतील लक्षणांचा माग काढला. मोठ्या मात्रेत औषध मज्जासंस्थेतील एका ग्राही प्रथिनाला अडवत होते. लक्ष्य चुकले नव्हते, साखळीच्या रसायनात खोट होती. 2019 मध्ये औषधाच्या शोधाची साद्यंत हकिकत ‘नेचर कम्युनिकेशन्स’ मध्ये प्रसिद्ध झाली. अन्न व औषध प्रशासनाच्या अटी पाळत लहान मात्रेत रुग्णांवरील चाचणी सुरू झाली, आणि इथे जुनी शिस्त उपयोगी पडली. मूत्रपिंडाच्या पेशी लघवीत ज्या सूक्ष्म पिशव्या सोडतात, त्यांत पॉलिसिस्टिन मोजता येते. आजारात ते कमी असते. औषध घेतलेल्या रुग्णांच्या लघवीत ते वाढले. गाठी लहान झाल्या का हे समजायला वर्ष लागते. रेणू झाकला गेला का, हे काही आठवड्यांत लघवीच्या नमुन्यावरून समजू लागले. एकेकाळी मायक्रोआरएनएलाच खूण म्हणून रक्तात शोधणाऱ्या संस्थेने मायक्रोआरएनए हरल्याची खूण अशी हाती घेतली.

ही खूण हाती असल्यामुळेच ऑक्टोबर 2021 मध्ये धाडसी निर्णय घेता आला. चालू औषध बाजूला ठेवून त्याच रेणूविरुद्धचे, पण मज्जासंस्थेला त्रास न देणारे आरजीएलएस-8429 पुढे आणण्यात आले. 2022 मध्ये पुन्हा 10 शेअरांचा एक करावा लागला. त्याच वर्षी निरोगी स्वयंसेवकांवरील चाचणी पार पडली आणि वर्षअखेरीस रुग्णांवरील चाचणी सुरू झाली. शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे 1, मग 2, मग 3 मिलिग्रॅम आणि शेवटी सरसकट 300 मिलिग्रॅम, अशा चार पायऱ्यांनी मात्रा चढवत नेली. दर पंधरवड्याला एक इंजेक्शन, तीन महिने. मात्रेबरोबर लघवीतील पॉलिसिस्टिन वाढत गेले. एमआरआयवर मूत्रपिंडाच्या आकारमानाची वाढ थोपल्याची चिन्हे दिसली. याचे मोल मोठे, कारण या आजारासाठी अमेरिकेत मान्य असलेले एकमेव औषध टोलव्हॅप्टन. त्याने तहान आणि लघवी इतकी वाढते, यकृतावर एवढी नजर ठेवावी लागते, की अनेक रुग्ण ते घेऊ शकत नाहीत. आरजीएलएस-8429 ला पुढे फॅराबर्सेन हे नाव मिळाले. 2024 च्या अखेरीस प्रशासनाबरोबर झालेल्या बैठकीत अंतिम चाचणीची रूपरेषा ठरली: बारा महिन्यांनंतरचे मूत्रपिंडाचे आकारमान हा त्वरित मान्यतेचा आधार मानता येईल.

त्याआधी काहीच आठवडे, 7 ऑक्टोबर 2024 रोजी, अँब्रोस आणि रव्कुन यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले होते. कृमीतील बावीस अक्षरांना मिळालेली ती राजमान्यता होती.

30 एप्रिल 2025 रोजी स्वित्झर्लंडच्या नोव्हार्टिसने रेग्युलस विकत घेण्याचा करार जाहीर केला. दर शेअरला 7 डॉलर रोख, म्हणजे सुमारे 80 कोटी डॉलर. 25 जून 2025 रोजी व्यवहार पूर्ण झाला, नॅसडॅकच्या फलकावरून आरजीएलएस ही चार अक्षरे उतरली आणि संस्था नोव्हार्टिसच्या कुटुंबात दाखल झाली. तोवर मायक्रोआरएनएवर काम करणारे एकही औषध जगात मान्यता पावलेले नव्हते, म्हणून करारात एक कलम घालण्यात आले आहे: फॅराबर्सेनला मान्यता मिळाली, तर दर शेअरमागे आणखी 7 डॉलर. अठरा वर्षांत ज्यांनी संस्थेवर भरवसा ठेवला आणि शेवटपर्यंत शेअर राखले, त्यांच्याकडे आता शेअर नाहीत. आहे तो त्या मान्यतेची वाट पाहणारा, जादा रकमेचा हक्क.